कुपवाडच्या नकाशातला पुसलेला ठिपका

दिनकरदादांचं नाव मी पुसलं. चुकून नाही, समजून-उमजून. हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही — तुम्हाला सांगतोय.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सांगलीत संख्याशास्त्र शिकवत होतो. कुपवाडच्या छोट्या कारखान्यांत फिरून एकच प्रश्न विचारायचो : मशीन अडलं की पहिली हाक कुणाला मारता? माणूस म्हणजे ठिपका, हाक म्हणजे रेघ. संध्याकाळी त्या रेघा ओढताना काय आनंद व्हायचा! ओतकामवाल्यांचा एक पुंजका, लेथवाल्यांचा दुसरा, वेल्डरांचा तिसरा — लाडू वळून ठेवावेत तसे वेगवेगळे.

आणि मधोमध दिनकरदादा. लेथवरचे साधे कामगार. जेवणाच्या सुट्टीत सायकलला पिशवी अडकवून कुणाला ड्रिल, कुणाला मायक्रोमीटर पोचवणारे. सगळ्या पुंजक्यांतून त्यांच्याकडे रेघा. ते असले की पुंजके वेगळे उरतच नव्हते — सगळं कुपवाड एकच जाळं. आणि माझा निबंध काय म्हणत होता? हे गट एकमेकांपासून तुटलेले आहेत. साताऱ्याची परिषद चार दिवसांवर. बदलायला हवा होता निबंध, नाही का? मी रबर घेतलं.

परिषदेत वाहवा झाली. परतल्यावर दादांनी हौसेनं विचारलं, "सर, नकाशात मी कुठं हाय? पोरीला दाखवायचंय."

कामगारांची नावं त्यात नसतात, मी म्हणालो. खोटं — दोन ओतारी कामगार होते की त्यात. दादा लगेच म्हणाले, "व्हय, व्हय." तेच अजून टोचतं.

त्या वर्षीच्या दसऱ्याला त्यांच्या कारखान्यात गेलो. खरं काय ते सांगायचं म्हणून नकाशाचा कागद पिशवीत घेतला होता. मशीनना झेंडूच्या माळा. ओतारी आले, वेल्डर आले, एकेक जण आपट्याचं पान दादांच्या हातात देत होता. एक वेल्डर म्हणाला, "दादा, तुमचा मायक्रोमीटर वरीसभर माझ्याकडंच हाय. सोनं म्हणून जपलाय."

"जप गड्या. फुडल्या दसऱ्याला दोन दे."

मी पुसलेल्या रेघा पायांनी चालत येत होत्या! माझा नकाशा इतका चूक — आणि तो चूक असल्याचा मला इतका आनंद का व्हावा?

दादांनी मुलीला पुढं केलं. "ह्या सरांनी आपल्या कुपवाडचा नकाशा काढलाय. त्यात मी न्हाई, पर सरांना दारोदार मीच फिरवलंय."

मी कागद काढला. मुलीला रबरानं झिजलेली जागा दाखवली. इथं तुझे बाबा होते, म्हणालो. मग दादांकडे वळलो.

"दादा, माझा निबंध शाबूत राहावा म्हणून मी तुम्हाला पुसलं. वर तुमच्याशी खोटं बोललो. माझं चुकलं."