तुमचं तुम्ही ठरवा

हॅम्बर्गला आले तेव्हा बारावी, एक डिप्लोमा आणि विमानाच्या कारखान्यात इंजिनियर असलेला नवरा, एवढीच माझी शिदोरी होती. मुलगी शाळेत रुळली, माझं जर्मन जरा बरं झालं आणि चाळिशीला टेकताना मी इथल्या एका कॉलेजात लॉजिस्टिक्सच्या पदवीला प्रवेश घेतला.

प्रवेश मिळाला एका खास योजनेतून. ज्यांचे आईवडील कधी कॉलेजात गेले नाहीत, जे परदेशातून आले, ज्यांच्या पदरात मुलं आहेत, अशांना आत घ्यायचं आणि मुख्य म्हणजे मधेच गळू द्यायचं नाही, असा तिचा हेतू. ती गळती थांबवायला एक सल्लागार बाई नेमल्या होत्या. पन्नाशीच्या, मऊ आवाजाच्या, खोलीत कायम कुठल्या तरी पाल्याचा चहा. तोंडावर मी त्यांना इथल्या रीतीने ‘फ्राऊ’ आणि आडनाव म्हणायचे, मनात मात्र त्या माझ्या मॅडम होत्या.

पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, “आम्ही कोणालाही अर्ध्यावर सोडत नाही.” हे मी घरी इतक्या वेळा सांगितलं की नवरा चिडवायला लागला, “संध्याकाळी घरी तरी सोडतात ना?” मी हसायचे, पण आतून भरून यायचं. माझ्या शिक्षणाची काळजी माझ्याखेरीज आणखी कोणी करतंय, याची मला सवयच नव्हती. त्या बाईंना मी काय काय सांगितलं! वर्गातल्या विशीतल्या पोरांपुढे तोंड उघडायची भीती, रात्रीचा स्वयंपाक उरकून पुस्तक घेतलं की मिटणारे डोळे, सगळं. सख्ख्या बहिणीला सांगितलं नसेल इतकं.

संख्याशास्त्रात माझी दांडी उडाली. एकदा नाही, दोनदा. इथे एका परीक्षेला तीनदा बसता येतं. तिसऱ्यांदाही नापास झालात, तर त्या शिक्षणक्रमाची दारं बंद, आणि नुसत्या तुमच्या कॉलेजात नव्हे, देशभर. मी घाबरून मॅडमकडे धावले.

त्यांनी चहा दिला. म्हणाल्या, “किती दमलेल्या दिसताय तुम्ही. बंदरातल्या कंपन्यांमध्ये ऑफिसच्या कामाचं छोटं प्रशिक्षण असतं, तिथे तुम्ही सहज पुढे जाल. उगाच तिसऱ्यांदा बसून स्वतःला का दुखवून घ्यायचं? अर्थात, तुमचं तुम्ही ठरवा.”

आता ‘तुमचं तुम्ही ठरवा’ हे आपल्याकडे कोण म्हणतं? सासूबाई म्हणतात. शाळेतल्या मुख्याध्यापिका म्हणतात. आणि त्यांनी असं म्हटल्यावर ठरवायला काही शिल्लक राहत नाही. आपण मान डोलवतो आणि त्यांनी आधी जे सांगितलं ते निमूटपणे करतो. इथली माणसं या वाक्यानंतर वाद घालायला बसतात, हे मला कोण सांगणार? शिवाय मला वाटलं, या बाई मला माझ्यापेक्षा जास्त ओळखतात. मी नाव काढून घेतलं. निरोप घेताना त्यांनी मला मिठी मारली, आणि मी त्यांचे आभारही मानले.

पुढे मला बंदराजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत नोकरी लागली. एकदा कामावरून परतताना फेरीबोटीत माझ्या वर्गातला एक जण भेटला. पूर्वी ट्रक चालवायचा, माझ्याच योजनेतून आलेला, आणि संख्याशास्त्रात माझ्याइतकाच ढ. दोन्ही वेळा आम्ही एकत्रच नापास झालो होतो.

“झालो पास!” तो म्हणाला. “तिसऱ्या वेळी. आता शेवटचं सत्र चालू आहे.”

“कसा काय?” मी विचारलं.

“मी सोडायलाच निघालो होतो. पण आपल्या सल्लागार बाईंनी ऐकून घेतलं नाही. जादा शिकवणी लावून दिली, परीक्षेच्या आधी रोज फोन करायच्या. तुला नव्हती का शिकवणी?”

अशी शिकवणी असते हेच मला माहीत नव्हतं. त्या बिचाऱ्याचा काडीचा दोष नव्हता, तरी त्याला उचलून एल्बे नदीत टाकावंसं वाटलं. मी अभिनंदन केलं आणि पुढच्याच धक्क्यावर उतरले.

दुसऱ्या दिवशी टेर्मिन न घेता मॅडमच्या खोलीत गेले. या देशात वेळ न ठरवता जाणं म्हणजे भांडायलाच जाणं. “त्याला थांबवलंत,” मी म्हणाले, “मग मला का जाऊ दिलंत?”

त्या जराही गडबडल्या नाहीत. वाईट वाटलं असतं त्यांना, तर मी कदाचित विरघळलेही असते.

“त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं,” त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या. “तुमचं घर आहे, नवऱ्याला चांगली नोकरी आहे. तुम्हाला पदवीची तशी गरज नव्हती. मला तुमचा त्रास वाचवायचा होता. आणि निर्णय शेवटी तुमचाच होता, नाही का?”

माझी दमणूक, माझी भीती, मी विश्वासाने त्यांच्या ओंजळीत टाकलेलं सगळं त्यांनी माझ्याच विरुद्ध मोजलं होतं. केसाने गळा कापला बाईंनी, आणि वर मिठी मारली. परत जायचं तर प्रवेशापासून सगळं नव्याने, आणि ती योजना एकदा सोडून गेलेल्यांना पुन्हा घेत नाही.

घरी आले तेव्हा नवरा ओट्यापाशी कांदा चिरत होता. मी सगळं सांगितलं. सांगताना रडले. त्याने सुरी खाली ठेवली. “हा सरळसरळ अन्याय आहे,” तो म्हणाला. “तक्रार कर. मी येतो बरोबर.” मला इतकं बरं वाटलं की मी डोळे पुसून खुर्चीत बसले.

तेल तापलं. त्याने मोहरी टाकली आणि माझ्याकडे पाठ करूनच, अगदी मायेने म्हणाला, “पण एक सांगू? जाऊ दे ना आता. आपल्याला तशी गरज कुठे होती?”

“गरज नव्हती,” मी म्हणाले. “मला हवं होतं.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” तो कढईत बघत म्हणाला. “तेच तर म्हणतोय मी.”