बॅग खाली केली का?

प्रतापराव ढमढेरे मूळचे शिरूरचे, खडी क्रशरवाले. बावीस वर्षं कमरेला परवान्याचं रिव्हॉल्व्हर आणि वर सफारीचा शर्ट. कुणाला दिसू नये म्हणून लपवलेलं, पण सगळ्या तालुक्याला ठाऊक! पंगतीत मांडी घातली की ते पोटात रुतायचं, म्हणून हा माणूस लग्नात जिलबी उभ्यानं खायचा. एकदा एसटी स्टँडच्या संडासात त्यांनी पट्टा सोडला, तर ते घरंगळत शेजारच्या कप्प्यात गेलं. "बद्धकोष्ठ असेल तर गेलं असेल बिचाऱ्याचं," असं ते सांगायचे. पण लगेच गंभीर व्हायचे. "हसू नका. रिकामं आहे असं कुणी म्हणालं, तरी आपण उघडून बघायचं."

पत्नी गेल्यावर रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा केलं आणि ते मुलाकडे, अमेयकडे, परदेशात मरीन परेडला आले. मी त्यांच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये. तिथे राहायला लाँग टर्म व्हिजिट पास होता, पण त्यांचा खरा पास म्हणजे सहा वर्षांची नात, जाई. रोज शाळेच्या बसपर्यंत ती त्यांना ओढत न्यायची, तिथल्या पोरांसारखं 'लाह' लावत. "आजोबा, फास्ट चला लाह!"

मार्चच्या सुट्टीत सगळे फेरीबोटीनं शेजारच्या देशातल्या बाताम बेटावर निघाले. सून क्षिप्रा इंदूरची, तिच्या मराठीत हिंदी बिनापासची राहते. जाईचे पोहण्याचे कपडे सासऱ्यांच्या जुन्या बॅगेत ठेवायचे होते. स्वयंपाकघरातून तिनं विचारलं, "बाबा, बॅग खाली केली का?"

"केव्हाच केली!"

केलीच होती. कपाटावरून काढून जमिनीवर ठेवली होती. ती विचारत होती, रिकामी केली का.

टर्मिनलवर मशीनचा पट्टा थांबला. बॅगेच्या फाटक्या अस्तरात एक काडतूस निघालं. एकच, हिरवट पडलेलं, क्रशरच्या काळातलं.

"बॅग कुणी भरली?" अधिकाऱ्यानं शांतपणे विचारलं.

"मीच," प्रतापराव म्हणाले. सुनेचं नाव त्यांनी काढलं नाही.

तीन आठवडे चौकशी चालली, मग लेखी ताकीद देऊन प्रकरण मिटलं. घरात मात्र मिटलं नाही.

"माझा पास गेला असता बाबा! नोकरी, जाईची शाळा, सगळं!" अमेय म्हणाला.

"अरे, ती खाली म्हणाली..."

"खाली म्हणजे रिकामीच ना!"

"तुझ्या आईच्या घरात खाली म्हणजे खाली होतं रे."

"चूक माझीपण आहे," क्षिप्रा म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस."

जूनमध्ये पासाची मुदत संपत होती. एके दिवशी अमेयनं सांगितलं, "बाबा, अर्ज केला होता. नाकारला." प्रतापराव बरं म्हणाले.

संध्याकाळी बाकावर मी हळहळलो, तर ते म्हणाले, "अर्जाला नवा फोटो लागतो. माझा कुणी काढलाच नाही."

"मग विचारायचं ना त्याला!"

"कशाला? पोराला आणखी एक खोटं बोलावं लागलं असतं."

विमानतळावर मीही गेलो होतो. अमेय वाकून पाया पडला. प्रतापरावांनी आशीर्वाद दिला, पण हात ठेवला तो जाईच्या डोक्यावर.