पुढचं पेन्सिलने

अप्पांच्या शर्टाच्या खिशात कायम एक पेन आणि एक पेन्सिल असायची. झालेलं पेनने लिहायचं, व्हायचं असेल ते पेन्सिलने. "पुढचं खोडायला लागतं रे भो," असं ते सांगायचे. हा नियम त्यांनी एकदाच मोडला.

लिंबायतच्या कामगार वस्तीत शाळेमागच्या मैदानावर ते आमच्या व्हॉलीबॉल संघाला शिकवायचे. पोटासाठी पांडेसऱ्यातल्या कापड रंगवायच्या एका मिलमध्ये कामाला होते. आम्ही सगळे खानदेशातून या शेजारच्या राज्यात आलेले, बहुतेक जण मागावर बारा-बारा तास उभे राहणारे. त्यामुळे अप्पांच्या वहीत मोसमाची आखणी आधी पाळ्या बघून व्हायची. दिवसपाळीला कोण, रातपाळीला कोण, सगळं मांडलेलं. श्रावणात कानबाईच्या उत्सवाच्या आठवड्यावर 'मैदान रिकामं' असं लिहिलेलं असे, तेही पेन्सिलने. कानबाईला गावी न जाणारा माणूस आमच्यात शोधून सापडला नसता, पण अप्पांना त्याचीही खात्री धरवत नसे.

दर रविवारी सरावाआधी बोटं चुन्यात बुडवायची आणि उडी मारून शाळेच्या भिंतीला लावायची. ठसा कुठवर गेला ते अप्पा वहीत उतरवत. ठसा खाली आला की उलटतपासणी सुरू. आमचा नाना, संघातला सगळ्यात उंच गडी, एकदा बायकोशी भांडून उपाशी आला होता. "जेवला नाहीस. आधी घरी जा, तिची समजूत काढ," अप्पांनी सगळ्यांसमोर सांगितलं. नाना कानापर्यंत लाल झाला आणि मुकाट्याने घरी गेला.

वहीत खोकल्याचाही रकाना होता. मागावर रुईचे तंतू, मिलमध्ये रंगाची वाफ. खोकला कुणाला चुकलाय? पण तो थांबत नाही असं दिसलं की अप्पा त्या खेळाडूला बाहेर बसवून सरकारी दवाखान्यात पाठवत. तिथे लाडीगोडी चालत नसे. त्या रकान्यात स्वतःचं नाव मात्र त्यांनी कधी घातलं नाही.

आणि गेल्या पावसाळ्यात सगळ्यांत जास्त तेच खोकत होते. मागच्या रेषेवरून सर्व्हिस टाकणारे अप्पा आधी जाळीजवळ आले. "इथून नीट दिसतं," म्हणाले. मग खुर्चीत बसून शिट्टी वाजवू लागले. मग एका रविवारी शिट्टी माझ्या हातात ठेवली, कारण फुंकायला दम पुरेना.

"अप्पा, दवाखान्यात चला," मी म्हणालो.

"उतराणनंतरची फायनल होऊ दे. मग जाऊ."

उतराण म्हणजे इकडची संक्रांत, अजून कित्येक महिने लांब. मला असा राग आला! आम्हाला हाकलणारा माणूस स्वतःच्या वेळी लहान पोरासारखा हट्ट करत होता. नाना हसत म्हणाला, "अप्पा, तुम्हीबी मारा ना एक उडी." सगळे हसले. अप्पांनी भिंतीकडे पाहिलं आणि वही मिटली.

कानबाईहून परतल्यावर त्यांनी मोसमाची आखणी आमच्यासमोर उघडली. 'शिकवणार' या शब्दापुढे दरवर्षी 'मी' असायचं. या वेळी तिथे माझं नाव होतं. बाकी सगळं पान पेन्सिलचं, आणि तेवढंच एक निळ्या शाईत.

"अप्पा, पेन्सिल हरवली का?" मी उसनं हसत विचारलं.

"मना खिसामाच शे," ते म्हणाले. पेन्सिल खिशातच होती. मन हललं की ते घरच्या अहिराणीवर यायचे. नाना चेंडूत हवा भरत बसला, चेंडू टणक असताना.

दिवाळीआधी अप्पा गेले. मिलमध्येच धाप लागली, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. मी खूप रडलो. उतराणनंतरची फायनल आम्ही हरलो, आणि ती हार मी त्यांच्याच पेनने वहीत उतरवली.

आता नवा मोसम जवळ आलाय. या रविवारी पोरांच्या आधी मी चुन्यात बोटं बुडवली आणि उडी मारली. ठसा गेल्या वर्षीपेक्षा वीतभर खाली उमटला. महिनाभर खोकला थांबत नव्हताच. खोकल्याच्या रकान्यात सगळ्यांत वर मी माझं नाव लिहिलं, पेनने. सोमवारी दवाखान्यात जायचंय. ते पेन्सिलने लिहून ठेवलंय.