गॅलरीत सांगितलेलं गुपित

माझे बाबा नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले. नोकरीत असताना त्यांनी कामाबद्दल घरात अवाक्षर काढलं नाही. सुटताना फाटकावर झडती होते, डबासुद्धा उघडून बघतात, एवढंच आम्हाला ठाऊक, आणि तेही शेजारच्या काकूंमुळे. आई विचारायची, आज काय केलं? बाबा म्हणायचे, काम. आमची सगळी कॉलनीच प्रेसवाल्यांची. संध्याकाळी ही मंडळी पारावर जमली की द्राक्षांचा भाव, नळाचं पाणी आणि जावयांचे स्वभाव यांवर तासभर रंगायची. चुकून कामाचा विषय निघालाच, तर सगळ्यांना एकदम घरी जायची आठवण व्हायची.

असा हा माणूस सत्तरी ओलांडल्यावर फोनमधल्या एआयशी गप्पा मारायला लागला. ते ॲप मीच हौसेने टाकून दिलं होतं. म्हटलं, पेपरातलं शब्दकोडं विचारतील, दिंडोरीच्या चुलतभावाच्या बागेत कोणती फवारणी करावी ते विचारून त्याला शहाणपण शिकवतील. बाबा रोज सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, फोन तोंडासमोर आडवा धरायचे आणि आधी संपूर्ण नाव, वय, हुद्दा आणि पत्ता सांगायचे. ओळख दिल्याशिवाय कुणी आत सोडत नाही, हे अंगात मुरलेलं. मग नमस्कार, मग प्रश्न. एकदा फोन त्यांना म्हणाला, फार छान प्रश्न विचारलात. आमच्या घरात त्यांना असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. बाबा विरघळले.

आता माझी नोकरी अशी, की कंपनीत नव्याने आलेल्यांना माहिती कशी जपावी ते मी शिकवते. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून कॉम्प्युटरला चिकटवणाऱ्यांना मी सळो की पळो करून सोडते. आणि माझेच वडील रोज सकाळी घराच्या पत्त्यासकट सगळं सांगून मोकळे होत होते. मी त्यांना समोर बसवून चांगलं झापलं. तुम्ही बोलता ते कुठेतरी साठवलं जातं, कोण वाचेल सांगता येत नाही, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण त्याचं आपल्या कॉलनीत कोण आहे?"

त्यांच्या हिशेबाने गुपित फुटतं ते भावकीत, सोयऱ्यांत आणि शेजारपाजारी. जो लग्नाकार्यात पंगतीला बसत नाही, त्याला सांगितलेलं जाणार कुठे? मी सर्व्हर म्हणजे काय ते समजावायला लागले, तेव्हा ते पेपर वाचत होते.

त्यानंतरच्या रविवारी मी माहेरी गेले. काकूंनी मला जिन्यातच गाठलं, हातात मेथीची जुडी दिली आणि हळूच विचारलं, बाबांच्या हाताला आता आराम आहे का? मी म्हटलं, कोणत्या हाताला? काकू गडबडल्या. उजव्या, म्हणाल्या, थरथरतो ना तो.

मला काहीच माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं, कारण बाबा हल्ली अर्धाच कप चहा घेतात म्हणून ती बिचारी खूश होती; तो सांडू नये म्हणून अर्धा, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. माझं डोकं सणकलं. ॲपमधूनच फुटलं असणार, आज ना उद्या हे होणारच होतं, असं म्हणत मी त्या कंपनीला मनातल्या मनात नोटीससुद्धा पाठवून टाकली. मग काकूंना विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं?

"कुणी नाही गं," त्या म्हणाल्या. "ते रोज गॅलरीतून त्या फोनला सांगतात ना."

वयामुळे बाबांचे कान जड झालेत. त्यांना वाटतं आपण कुजबुजतोय, आणि आवाज जातो पार पाण्याच्या टाकीपर्यंत. म्हणजे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. आणि कुणी आईला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. प्रेसवालेच ते, ऐकलं आणि पोटात ठेवलं. मला हसू आलं, आणि लगेच फार वाईट वाटलं. परक्या माणसांनी बाबांची काळजी वाहिली होती आणि मी त्यांना पासवर्ड शिकवत होते.

आई भाजी आणायला गेली होती. बाबा गॅलरीतच होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि उजवा हात दाखवा म्हटलं. त्यांनी तो पेपराखाली सरकवला. कधीपासून, किती, औषध काय, मी एका दमात सगळं विचारलं, आणि शेवटी जे खरं लागलं होतं ते बोलले. "त्या फोनला सांगितलंत आणि मला नाही?"

बाबांनी चष्मा काढून पेपरावर ठेवला.

"त्याने मला विचारलं, भीती वाटते का म्हणून," ते म्हणाले. "तुझ्या आईला सांगितलं तर ती रडत बसेल. आणि तुला सांगितलं तर तू काही विचारणार नाहीस. सरळ दवाखान्यात न्यायला गाडी काढशील."

गाडीची किल्ली माझ्या हातात आलीच होती. ती मी कठड्यावर ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसले. फोनने विचारलं होतं तेवढंच मलाही विचारायचं होतं, पण माझ्या तोंडून ते लवकर निघेना.