चौथ्या चॅनलवरची पाळी

आधीच सांगून टाकतो — भूत-बीत, बाहेरची बाधा, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. कोणी किस्सा सुरू केला की मी "अरे छोड़ ना यार" म्हणून पोह्यांची आणखी एक प्लेट मागवायचो. आमचा धंदाच आवाजाचा. स्पीकरमध्ये घूं-घूं आली तर अर्थिंग बघायचं, खरखर आली तर पिन साफ करायची. वायर धरून मागे मागे गेलं की कारण सापडतंच. सापडलं नाही असं एकदाच झालं… आणि आता गेल्या रविवारी परत. त्या दिवशी मी माझ्या मुलीवर असा खेकसलो की बिचारीने रडत खोलीचं दार लावून घेतलं. तिला तोंडाने सांगायची माझी हिंमत होत नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

मी इंदूरचा, राजेंद्र नगरमध्ये राहतो. घराच्या वरच्या खोलीत नव्या पोरा-पोरींना डीजेइंग शिकवतो. पहिल्या दिवशी सगळे एकच विचारतात, "सर, कोणता कंट्रोलर घेऊ?" मी म्हणतो, भिया, सगळ्यात स्वस्त दोन चॅनलवाला घे, आणि उरलेले पैसे चांगल्या हेडफोनमध्ये घाल. बंद कपाचा, कानावर घट्ट बसणारा. लोक ऐकतात ते आत्ताचं गाणं, तुला हेडफोनमध्ये पुढचं ऐकायचंय. बीट आपोआप जुळवणाऱ्या सिंकच्या बटनाला तीन महिने हात लावायचा नाही, बीट कानाने जुळवायचा. लेव्हल लाल दिव्यापर्यंत न्यायची नाही. गाण्यांची दुसरी कॉपी पेनड्राइव्हवर खिशात ठेवायची, कारण लॅपटॉप नेमका नवरदेव घोड्यावरून उतरताना बंद पडतो!

याशिवाय माझे स्वतःचे दोन नियम आहेत, त्यांना पोरं हसतात. ज्या चॅनलला काही जोडलेलं नाही, त्याचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकती पट्टी, पूर्ण खाली ठेवायचा. आणि कन्सोलपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या डाव्या खांद्यावर मागून हात ठेवायचा नाही. त्याच्या जागी उभं राहायचं असेल तर समोरून या, तोंडाने सांगा.

हे नियम कुठून आले ते सांगायचं तर अण्णांपासून सुरुवात करावी लागेल.

अण्णा म्हणजे माझे वडील. इथल्याच एका कापड मिलमध्ये विणकाम खात्यात होते, चार लूम, म्हणजे माग, सांभाळायचे. त्या खात्यात इतका कल्लोळ असायचा की शेजारच्याने कानात ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. अण्णांचा डावा कान त्यातच गेला. पाळी बदलायची तीसुद्धा बोलून नाही. दुसऱ्या पाळीचा माणूस मागून यायचा, डाव्या खांद्यावर हात ठेवायचा. जुना माणूस वळून न बघता एक पाऊल उजवीकडे सरकायचा आणि नव्याचे हात लूमवर पडायचे. लूम थांबायचा नाही. "हात पडला की सुटी," अण्णा म्हणायचे. जेवता जेवता उठून त्यांनी मला कितीदा तरी करून दाखवलं होतं, आणि आई ओरडायची, "अहो, आधी ताटावरचं संपवा!"

मग इंदूरच्या मिली एकेक करून बंद पडल्या. अण्णांच्या मिलमध्ये शेवटच्या दिवशी चालू पाळीत वीजच तोडली. लूम जिथल्या तिथे थांबले. अण्णा आपल्या जागेवर उभेच राहिले. दुसऱ्या पाळीचा कोणी आला नाही, येणार कुठून, फाटकाला कुलूप लागलेलं. संध्याकाळी चौकीदाराने हाताला धरून बाहेर आणलं. घरी येऊन म्हणाले, "माझी पाळी काही सुटली नाही बुवा." आम्ही हसलो. तेही हसले.

पण त्यानंतर टीव्ही बघताना त्यांची बोटं आपोआप चालायची. तुटलेला धागा धरायचा, गाठ मारायची, सोडायचा. परत धरायचा. आई हातात लसणाच्या पाकळ्या सोलायला द्यायची, तेवढ्यापुरतं थांबायचं.

त्याच दिवसांत मी घरात कॉम्प्युटर आणला. गल्लोगल्ली सायबर कॅफे निघालेले, मी तिथून गाणी सीडीवर भरून आणायचो. दोन सीडी प्लेअर, एक सेकंडहँड चार चॅनलचा मिक्सर, झाला डीजे! मला वाटलं होतं अण्णा चिडतील. ते शेजारी येऊन बसले, टेबलावर पालथा हात ठेवला आणि म्हणाले, "दुसरं गाणं मागे पडतंय तुझं. कानाने नको धरू, हाताने धर." बरोबर होतं त्यांचं! मतलब, बीट जुळवायला मला एका अर्ध्या बहिऱ्या विणकराने शिकवलंय. आजही मी पोरांना आधी टेबलावर हात ठेवायला लावतो.

आता तो दिवस.

माझ्या बहिणीचं, मंजूचं लग्न. राजेंद्र नगरजवळचंच एक मंगल कार्यालय, भर दुपार, अक्षता पडून गेलेल्या, पंगत बसलेली. दोन महिन्यांपूर्वीच डॉक्टरांनी अण्णांचं हृदय कमजोर आहे म्हणून सांगितलं होतं, जिने नकोत, दगदग नको. म्हणून त्यांना कोपऱ्यात खुर्चीवर बसवून ताट दिलं होतं. शेजारी त्यांचे मिलमधले जोडीदार रामचंदर काका.

मी कोपऱ्यात माझा सगळा संसार मांडून बसलेलो. एक आणि दोन नंबरच्या चॅनलवर सीडी प्लेअर, तीनवर माईक, चौथा रिकामा. पुढचं गाणं ऐकायला हेडफोन लावला आणि चुकून चौथ्याचं बटन दाबलं गेलं.

खट… धडाक. खट… धडाक.

लांबून येत होतं, पण एकदम साफ. मी मिक्सरच्या मागे वाकून बघितलं. चौथ्याला काही म्हणजे काहीच जोडलेलं नव्हतं. आत येणाऱ्या आवाजाचं गेनचं बटन शून्यावर केलं तरी येतंय! मला वाटलं, कुठलं तरी रेडिओ स्टेशन पकडतंय. आणि मग मी ती चूक केली जी फक्त आमच्यासारखा माणूसच करतो. कानावर बीट आला की आमचे हात शिवशिवतात. दुसरा कोणी असता तर हेडफोन काढून ठेवला असता. मी चालू गाणं त्या ठेक्याला जुळवलं, अगदी तंतोतंत बसवलं, आणि चौथा फेडर वर नेला.

स्पीकरमधून तो ठेका बाहेर पडला. पोरं खूश! "क्या बात है भिया!" म्हणून दोघं-तिघं नाचायलाही लागले.

अण्णा खुर्चीवरून उठले. हाताला श्रीखंड तसंच. पंगतीच्या मधून चालत हॉलच्या मध्यावर आले, पाय जरा फाकवून उभे राहिले आणि त्यांचे दोन्ही हात चालू झाले. धरायचं, गाठ मारायची, सोडायचं. उजव्या हाताने काहीतरी ओढायचं. आई आधी हसली, "अगंबाई, हे पण नाचायला लागले!" मग ती जवळ गेली, तोंड बघितलं आणि तिचं हसणं तिथेच विरलं.

ठेक्याचा वेग वाढत होता. मी हात लावला नव्हता, तो आपोआप वाढत होता, आणि त्याच्याबरोबर अण्णांचे हात. घामाने सदरा अंगाला चिकटलेला. ओठ निळे पडायला लागलेले.

मी फेडर खाली ओढला. आवाज चालूच! मेन स्विच बंद केला. गाणं थांबलं, मिक्सरचे दिवे विझले, आणि तरी खट-धडाक, खट-धडाक… आता स्पीकरमधून नाही, फरशीतून. चपलेतून माझ्या तळव्यांना लागत होतं ते.

नवरदेवाकडची दोन माणसं अण्णांना धरून ओढत होती. अण्णा हाडांचा सापळा, तरी जागचे हलेनात. "डॉक्टरला बोलवा कोणी!" आई किंचाळत होती. मंजू शालूसकट धावत आलेली.

तेवढ्यात रामचंदर काकांनी मला बाजूला ओढलं. पांढरेफटक पडले होते. म्हणाले, "बेटा, ये ऐसे नी हटेंगे. इनकी पाली नी छूटी है."

"तो आप रखो ना हाथ! आप जानते हो!" मी ओरडलो.

काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि मागे सरकत गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मेरे से नी होगा बेटा. जो हाथ रखेगा, पाली उसकी."

मी विचार केला नाही, हेच खरं. समोर अण्णा मरत होते. एवढंच दिसत होतं मला. हेडफोन गळ्यात तसाच होता. मागून गेलो, त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. खांदा थरथरत होता, जसं चालू गिरणीला हात लावल्यावर लागतं तसं. म्हणालो, "अण्णा, चला. मी आलो."

ते वळले नाहीत. एक पाऊल उजवीकडे सरकले, जेवताना करून दाखवायचे अगदी तसे, आणि आईच्या अंगावर कोसळले.

आणि माझी बोटं कशावर तरी मिटली.

गार लोखंड होतं. तेलकट. हॉल नव्हता, मंजू नव्हती. दोन्ही बाजूंना लांबच लांब रांगा, आणि प्रत्येक लूमवर एक माणूस, सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. मी ओरडलो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. कोणी वळून बघितलं नाही. आणि माझे हात काम करत होते. मला गाठ मारता येत नाही हो, मी आयुष्यात कधी लूमला हात लावला नाही! पण बोटांना येत होतं. किती वेळ गेला? लोक म्हणतात, अर्धं मिनिट. मला भूक लागून मेलेली होती, पाय भरून आले होते, मी बायकोशिवाय, पोराबाळांशिवाय इथेच म्हातारा होणार असं वाटून मी रडत होतो.

मग वीज गेली. कार्यालयाची, खरोखरची. पंखे थांबले आणि त्याच क्षणी तो आवाज थांबला. मी हॉलच्या मध्यावर उभा होतो, लोक माझ्याकडे बघत होते, आणि आई अण्णांना पाणी पाजत होती.

वाचले अण्णा. पुढे अकरा वर्षं जगले, मंजूची दोन्ही मुलं त्यांनी अंगाखांद्यावर खेळवली. त्यांची बोटं परत कधीच चालली नाहीत. तो विषय आमच्यात निघाला तो एकदाच. शेवटच्या आजारपणात मी त्यांना औषध देत होतो, तर माझा हात धरून म्हणाले, "तुझी पाळी मी घेतली असती रे. पण एकदा सुटलेल्याला तीच पाळी परत लागत नाही." आणि लहान मुलासारखे रडले.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला कोणी सोडवलं नव्हतं. माझ्याही खांद्यावर कोणाचा हात पडला नाही. फक्त वीज गेली होती, त्यांच्या शेवटच्या दिवशी गेली होती तशीच.

मी कारणं शोधली नाहीत असं नाही. साउंडवाल्या मित्राने अर्थिंगचा दोष काढला. डॉक्टर म्हणाले, दगदगीने शुगर उतरली असेल, दोघांचीही. मेन स्विच बंद करेपर्यंत प्रोग्राम टेपवर रेकॉर्ड होत होता. टेपवर फक्त गाणं आहे, ठेका नाही. पण त्या गाण्याचा वेग हळूहळू वाढत जातो, आणि मी पिचला, म्हणजे वेगाच्या पट्टीला, हात लावला नव्हता. आवाज ऐकला का म्हणून पाहुण्यांना विचारलं, तर निम्मे हो म्हणतात, निम्मे म्हणतात, संगीत बंद पडलं एवढंच. रामचंदर काका त्यानंतर आमच्याकडे आले नाहीत.

गेली काही वर्षं टीव्ही बघताना माझी बोटं चालतात. बायको मटार सोलायला देते.

आणि गेल्या रविवारी… माझी मुलगी ऋचा कॉलेजात आहे, तिने हट्टाने चार चॅनलचा नवा कंट्रोलर घेतला. मी दोन नंबरवर गाणं लावून तिच्यासाठी सेटिंग करत होतो. चौथा रिकामा, फेडर खाली, दहादा बघितला होता मी. तरी हेडफोनमध्ये, गाण्याच्या मागे, तेच. माझे हात कधी सुरू झाले मला कळलं नाही. पाय हलेनात. किती वेळ उभा होतो देव जाणे. मागून ऋचा आली. "बाबा, अहो केव्हाचे उभे आहात, घामाने भिजलात नुसते! सरका ना, मी घेते आता." समोरच्या खिडकीच्या काचेत मला तिचा हात वर येताना दिसला. डाव्या खांद्याकडे.

मी तिला जे बोललो ते इथे लिहिणार नाही. आवाज थांबला की नाही ते आठवत नाही, माझे पाय कधी सुटले तेही नाही, ती पळत खाली गेली तेवढं आठवतं.

हे काय आहे, मला माहीत नाही. पंचवीस वर्षं वायर धरून मागे मागे जातोय, टोक सापडत नाही. शिकायला येणाऱ्यांना एवढंच सांगतो, रिकाम्या चॅनलवर काही ऐकू आलं तर ते जुळवायला जाऊ नका.

आणि ऋचा, तू हे वाचशील म्हणून लिहितो. कंट्रोलर तुझा आहे, खुशाल वाजव. मी मुद्दाम दुष्टपणा केला नाही गं. फार दमलोय मी, कोणीतरी सोडवावं असं रोज वाटतं. पण तू नाही. मी कधी तसा उभा दिसलो तर दार लावून घे आणि खाली जा. हात लावू नकोस.