सर्वोत्तम खेळाडू, आत्याबाईंमार्फत

आमच्या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. बोलू नकोस असं मला कोणी कधी सांगितलं नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मामाजींना म्हणाल्या की ती विचारते, चहा आणू का. मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्यांनाच म्हणाले की आण म्हणा. मी तिथंच चार हातांवर उभी होते आणि सगळं स्वच्छ ऐकत होते. तेव्हापासून हे असंच. मी शाळेत शिकवते, तिथल्या बाईंना हे सांगितलं की त्या पोट धरून हसतात. हसू देत. दहा वर्षं आम्ही निभावलं आणि कोणाचं काही अडलं नाही. माझं मात्र एका प्रश्नापाशी अडलं होतं.

तो प्रश्न एका ट्रॉफीचा होता. मी घाटावरची, बुलढाण्याची. कॉलेजात असताना बास्केटबॉल खेळायचे. उंची बेताची, म्हणून चेंडू पुढे न्यायचं आणि पास द्यायचं काम माझ्याकडे. बास्केट टाकायची ती माझी मैत्रीण. शेवटच्या वर्षी आमच्याच मैदानावर कॉलेजांच्या सामन्यांची फायनल झाली, आम्ही जिंकलो. सर्वोत्तम खेळाडू ठरवायला खामगावहून एक पीटीचे सर आले होते, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी, हातात लांब वही. ट्रॉफी माझ्या मैत्रिणीला मिळाली. तिनं टाकलेली प्रत्येक बास्केट माझ्या हातून गेलेल्या चेंडूची होती, हे तीही म्हणाली. पण ट्रॉफी तिला मिळाली, त्यावरून विद्यापीठाच्या संघासाठी तिला बोलावणं आलं, आणि पुढं ती खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागली. आजही बुलढाण्याला भेटली की वर्दीवरच मिठी मारते. तिच्याविषयी माझ्या मनात काही नाही. राग होता तो त्या वहीवाल्या सरांवर.

आणि चार महिन्यांनी त्याच सरांच्या घरून स्थळ आलं. मी घरात म्हटलं, ट्रॉफी दिली नाही आणि आता पोरगा देऊन राह्यले. बाबा हसले, म्हणाले पोरगा चांगला आहे. पोरगा खरंच चांगला होता, म्हणून मी घाटाखाली खामगावात आले. पण ओठावर आलेला प्रश्न तसाच राहिला. त्या दिवशी माझ्यात काय कमी पडलं? चहा हवा का, हे निरोपानं विचारता येतं. हे कसं विचारणार? मी रात्रंदिवस त्याचा विचार करत होते असं नाही. पण पोळ्या लाटताना, गाडीची वाट पाहताना, कधीही उगाच तो सामना डोळ्यांपुढे यायचा. शेवटच्या मिनिटाला माझा एक फ्री थ्रो हुकला होता. डावा हात कच्चा होता. यांपैकीच काहीतरी असणार, असं मी धरून चालले होते.

मामाजी निवृत्त झाले तसे यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, टीव्हीवर अमेरिकेची बास्केटबॉल लीग लावून दिली. यांना स्वतःला क्रिकेटशिवाय काही कळत नाही. तिकडे रात्र असते तेव्हा आपल्याकडे सकाळ, म्हणजे माझी बरोबर पोळ्यांची वेळ. आमचा ओटा असा आहे की दारातून अख्खा टीव्ही दिसतो. मामाजी दिवाणावर मांडी घालून, पुढ्यात तशीच शाळेची लांब वही, कोणी किती पास दिले त्याच्या रेघा ओढत. आणि मी ओट्याशी. मधे आत्याबाई, भाजी निवडत.

संक्रांत झाली की तिकडे चर्चा सुरू होते, की वर्षातला मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर कोण. सगळ्यात मोलाचा खेळाडू. तिथले पत्रकार मतं देतात. आमच्या घरी त्या खेळाडूंना नावं नाहीत, ती जिभेवर बसत नाहीत. एक लंब्या आणि एक चपळ्या. लंब्या सगळ्यांना पास देतो, त्याच्यामुळे बाकीचे चौघं खेळतात. चपळ्या बास्केटांचा पाऊस पाडतो आणि त्याचा संघ सगळ्यांच्या वर असतो. मामाजी लंब्याचे. मी चपळ्याची.

वाद कसा चालायचा ते ऐकण्यासारखं आहे. मी हळूच म्हणायची की लंब्या बचावात थोडा कमी पडतो. आत्याबाई मेथीच्या जुडीवरून मान वर न करता सांगायच्या, ती म्हणते तुमच्या लंब्याले पळता येत नाही. मामाजी भडकायचे. तिले सांग, पळायले कुत्रं बी पळते. आत्याबाई मला सांगायच्या, ते म्हणतात तुह्या चपळ्या कुत्रा हाय. मग मी म्हणायची की असं नाही म्हणाले ते. मामाजीही तिकडून म्हणायचे की असं नाही म्हणालो मी. तरी आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. आत्याबाईंना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दोन-तीन हंगामांत त्या अशा तयार झाल्या की शेजारच्या बाईला बचाव म्हणजे काय ते समजावून सांगायच्या.

आता खरं सांगते. मी चपळ्याची नव्हतेच. मला पास देणारा माणूस आवडतो, न आवडून सांगते कोणाला, मी जन्मभर तेच केलं. लंब्यानं न बघता मागे चेंडू सोडला की माझ्या हातातलं लाटणं थांबायचं. पण मी मुद्दाम उलट बाजू धरली. मामाजी पास देणाऱ्याची जितकी बाजू घेतील तितके ते त्या दिवशीच्या बुलढाण्याच्या मैदानाजवळ येतील, असा माझा हिशोब. नुसत्या बास्केटा काय मोजता, असं ते म्हणाले की मला आत गुदगुल्या व्हायच्या. मी मनात म्हणायची, बोला, अजून बोला.

त्यांचा खरा राग त्या मतं देणाऱ्यांवर होता. ते म्हणायचे, हे लेकाचे खेळ पाहतच नाहीत. मागच्या साली याले देली म्हणून यंदा त्याले देतात. हा परदेशी, तो आपल्याकडचा, असं पाहतात. एक वाक्य तर मला पाठ झालं होतं, कारण ते हंगामात निदान वीस वेळा यायचं. खेळ पाहावं, माणूस कोणाचा हाय ते पाहू नाही. तीस वर्षं पोरांना मैदानावर चुन्याची फक्की मारायला लावून शिट्ट्या फुंकलेल्या माणसाचं ते वाक्य होतं, आणि ते अगदी मनापासून म्हणायचे.

यंदा एका रविवारी सकाळी सामना चालू होता. निकाल लागायला थोडेच दिवस होते. चपळ्यानं लागोपाठ चार-पाच बास्केटा टाकल्या. मी आत्याबाईंकडे पाहून म्हटलं की ट्रॉफी आता याचीच. आत्याबाईंनी ते पोचवलं. मामाजींनी पेन वहीवर आपटलं आणि म्हणाले, "तिले सांग, पास देणारा सोडून बास्केट टाकणाऱ्याले ट्रॉफी देते तो माणूस आंधळा असते."

दहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य असं पोळ्यांच्या मधे येऊन पडलं. मी लाटणं खाली ठेवलं आणि आत्याबाईंना म्हटलं, विचारा त्यांना, मग त्या साली बुलढाण्याच्या फायनलला पास देणारी कोण होती आणि ट्रॉफी कोणाला दिली.

आत्याबाईंनी पहिल्यांदा भाजीवरून मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग उठून गॅस बारीक केला.

"हे मी नाही इचारत," त्या म्हणाल्या. "हे तुह्यं तूच इचार."

त्यांनी कधी निरोप नाकारला नव्हता. मी तशीच, पिठाच्या हातांनी, दारात जाऊन उभी राहिले. पदर सारखा केला, सवयीनं. आणि म्हटलं, मामाजी, त्या दिवशी मला ट्रॉफी का नाही दिली? माझं काय चुकलं होतं?

मामाजींनी आधी रिमोट शोधला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. माझ्याकडे न पाहता म्हणाले की काही चुकलं नव्हतं. वहीत पहिलं नाव माझंच होतं. जिला ट्रॉफी दिली तिचं नाव कितीतरी खाली होतं. ती वही अजून कपाटात आहे, हवी तर काढून दाखवतो.

मी म्हटलं, मग?

मग जे सांगितलं ते मला कधी सुचलं नसतं. त्यांची बहीण बुलढाण्याला आमच्याच गल्लीत राहते. फायनलच्या महिनाभर आधी तिनं त्यांच्याकडे माझी गोष्ट काढली होती, की पोरगी चांगली आहे, खेळते, तुमच्या घरात शोभेल. आमच्या घरी कोणाला याचा पत्ता नव्हता. मला नव्हता, बाबांना नव्हता. पण मामाजींच्या मनात ते बसलं होतं. मैदानावर मला पाहिलं आणि नक्कीच झालं.

"आज ट्रॉफी देतो अन् चार महिन्यानं सून करून नेतो, तं लोक काय म्हणतीन?" ते म्हणाले. "घरच्या पोरीले देली म्हणतीन."

मला वाटलं होतं, कारण कळलं की बरं वाटेल. बरं वगैरे काही वाटलं नाही. अंगाचा तिळपापड झाला. मी दहा वर्षं त्या एका फ्री थ्रोला दोष देत होते. डाव्या हाताला दोष देत होते. आणि हा माणूस तिथं वही मिटून, जी पोरगी त्याच्या घरची नव्हतीच तिला घरची धरून, तिच्या हातचं काढून घेत होता, आणि वर आपण फार सरळ वागलो असं समजत होता. मी नाही म्हटलं असतं तर? मला हा मुलगा आवडला नसता तर? ट्रॉफीही गेली असती आणि हे घरही नाही. हे सगळं मी बोलले नाही. एवढंच बोलले की तेव्हा मी तुमच्या घरची नव्हते.

मग मी त्यांचंच वाक्य त्यांना दिलं. "खेळ पाहावं, माणूस कोणाचा हाय ते पाहू नाही. तुम्हीच म्हणता ना, मामाजी?"

"हाव," ते म्हणाले. वहीवरच्या रेघांवरून उगाच बोट फिरवलं. "चुकलं माह्यं."

आत्याबाई मागे येऊन उभ्या होत्या. तव्यावरची पोळी करपल्याचा वास यायला लागला, तरी कोणी हललं नाही. थोड्या वेळानं मामाजींनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की मी स्वतः पास देणारी, तर इतकी सालं त्या चपळ्याची बाजू घेऊन काऊन भांडत होते. मी सांगितलं की मी लंब्याच्याच बाजूची आहे, पहिल्यापासून. फक्त हे तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. मी आत गेले आणि करपलेली पोळी काढून दुसरी टाकली.

तेव्हापासून आम्ही थेट बोलतो. आत्याबाई म्हणतात की त्यांचं काम गेलं. ती वही मी अजून पाहिलेली नाही. मैत्रिणीला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ती ट्रॉफी तिच्या क्वार्टरमध्ये टीव्हीशेजारी असते, दर दिवाळीला ती घासून पुसून ठेवते. राग गेला का, तर नाही गेला.

मग तिकडचा निकाल लागला. ट्रॉफी चपळ्याला मिळाली. मामाजींनी बातमी वाचली, चष्मा काढला, आणि त्यांचं सुरू झालं. पास कोण देते, संघ कोण चालवते, आणि हे लेकाचे भलतंच काहीतरी पाहून मतं देतात. पहिलं नाव लंब्याचंच असायला पाहिजे होतं, त्याला न द्यायला कारण काय असेल, हे कोणीतरी सांगावं.

मी पोळी लाटता लाटता, आत्याबाईंकडे न पाहता, थेट सांगितलं.

"मामाजी, त्याचं लग्न जमवून राह्यले असतीन त्यांच्या घरात."

आत्याबाईंच्या हातातली मेथी खाली सांडली, इतक्या त्या हसल्या. मामाजी हसले नाहीत. बराच वेळ चहात चमचा ढवळत बसले.

"हाव," शेवटी म्हणाले, "तसंच असन." आणि चहा पिऊन कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला.