तिसरी ओळ

माझ्या आईनं गोऱ्यांच्या कबरींवरचं गवत कापून मला वाढवलं. शहापूरजवळ आग्रा रस्त्याला लागून पलटणींच्या मुक्कामाचं जुनं मैदान होतं, त्याच्या कडेला ते कबरस्तान. तापानं मेलेले गोरे शिपाई तिथं पुरलेले. आई गवत कापायची, भारा डोक्यावर घेऊन गोठेवाल्यांच्या दारी फिरायची. उन्हाळ्यात गवत सुकलं की घरात नाचणीची आंबील, तीही एकवेळ.

बाप मी पाहिला नाही. मी पोटात असताना तो पहिल्या महायुद्धात पलटणीची खेचरं हाकायला इराकात बसऱ्याच्या लढाईवर गेला. सोबत गेलेला मुरबाडकडचा गडी परत आला आणि म्हणाला, ‘वैनी, त्याला तथंच मातीत ठेवला.’ राख नाही, हाड नाही.

लढाई संपल्यावर सरकारनं कबरस्तानाच्या फाटकाशी काळा दगड उभा केला. आमच्या भागातून लढाईवर जाऊन मेलेल्यांची नावं त्यावर, सगळी इंग्रजीत. यादी आमच्या गावच्या पाटलानं दिलेली. आईनं विचारलं तेव्हा त्यानं दगडावर बोट ठेवलं. ‘ही तिसरी ओळ. हा तुझा घरवाला.’

तेव्हापासून दर सर्वपित्रीला आई त्या ओळीखाली पान वाढायची. भात, वडे, भोपळ्याची भाजी. कावळा लगेच शिवायचा. ‘बघ, तुझा बाप खूश हाय,’ म्हणायची आणि त्या ओळीवरून बोट फिरवायची.

कल्याणच्या हायस्कुलात मला इंग्रजी आलं. त्या सर्वपित्रीला मी दगड वाचला. तिसऱ्या ओळीत पाटलाचा भाऊ होता. कल्याणच्या पुढं कधी न गेलेला, साथीच्या तापात घरच्या खाटेवर मेलेला. बापाचं नाव वरपासून खालपर्यंत कुठंच नव्हतं. गावात इंग्रजी वाचणारे दोघं-तिघं होते, पण ते पाटलाच्या ओटीवर चहा प्यायचे.

कावळा पानावर बसला होता. आई हसत होती. मी पानाला हात जोडले.

विद्येनं माणूस नम्र होतो म्हणतात. मी काय झालो नाही. एकेक परीक्षा मी पाटलाचं तोंड आठवून दिली. दुसरी लढाई चालू असताना बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पहिला. लगेच लष्कराच्या कचेरीला पत्र लिहिलं. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं: माझा बाप बसऱ्याच्या इस्पितळात वारला, पाटलाच्या भावाच्या नावाचा माणूस कधी भरतीच झाला नव्हता, दगड दुरुस्त करायला हरकत नाही.

त्या संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती विळा घासायला बसली.

सर्वपित्रीलाच मी पाथरवट आणला. पाटलाला बोलवायला स्वतः गेलो. गावासमोर त्याला पत्र मराठीत वाचून दाखवलं. पाथरवटानं छिन्नी लावली तसा म्हातारा काठी टेकत पुढं आला.

‘शिकलास म्हणून मेल्या माणसाचं नाव पुसतोस, रे?’

‘तुमी काय केलंत, पाटीलबाबा? आमी निदान सगळ्यांदेखत करतो.’

‘चुकी झाली. यादी घाईत दिली.’

‘घाईत सख्खा भाऊ मारलात लढाईत?’

लोक हसले. मला हवं होतं ते हसू.

मग आई उठली. कधी पाटलासमोर पदर न ढळू देणारी बाई, तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. ‘वीस वर्सं तुमच्या भावाला जेवू घातला मी, पाटील. आमी पेज पिऊन त्याला वडे केले. कधी ढेकर तरी दिलान का?’

आईनं जुन्या अक्षरांचा चुरा झाडूनं गोळा केला आणि त्याच्या जोड्यांवर टाकला. ‘घरी न्या तुमचा मानूस.’

म्हातारा चुरा न झटकता गेला. मला दया आली नाही. आजही येत नाही.

त्या दगडावर तिसऱ्या ओळीत आता माझ्या बापाचं नाव आहे. इंग्रजीत, आणि खाली मराठीत.